एकाच शिवाराला विचारलेले प्रश्न

चि. वर्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. आपण फोनवर बोलतोच, पण हे तू कागदावर लिहिलंस ते बरं केलंस. आईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवते ना वेळेवर?" तेव्हा त्याचं उत्तर आधी कळव.

तू लिहितेस, खोलीत तुम्ही तिघी. एकीचं काम कर्करोगाच्या पेशींवर, दुसरीचं सौरऊर्जेवर, आणि तुझं सातपुड्यातल्या निहाली भाषेवर. येणारा-जाणारा त्या दोघींना विचारतो, "कुठवर आलं?" आणि तुला विचारतो, "याचा उपयोग काय?" इकडे गावातही तेच. पारावर परवा विषय निघाला, "पोरगी पीएच.डी. करते म्हणता, पण त्या डोंगरातल्या लोकांच्या बोलीवर?" मी त्यांना जे सांगितलं तेच तुला जरा सविस्तर लिहितो. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी असल्यामुळे नाना विषयांचे प्रबंध आणि नियतकालिकं माझ्या हातून जातात. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: कोणत्या विषयाला कधी कोणत्या विषयाची गरज पडेल, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून कुणाचाही विषय हलका नाही. तुझाही नाही, आणि त्या दोघींचाही नाही.

लोणारचं खाऱ्या पाण्याचं तळं आठव. शाळेच्या सहलीत तुम्ही दैत्यसुदनाचं मंदिर पाहिलं आणि लवणासुराची गोष्ट ऐकून आलात. त्याच पाण्याकडे इंग्रज अधिकारी अलेक्झांडर यांनी १८२३ साली पाहिलं, आणि पुढे दीडशे वर्षं भूशास्त्रज्ञ वाद घालत राहिले की हे ज्वालामुखीचं तोंड की उल्केचा खड्डा. १९७३ साली तिथल्या खडकात जबर धक्क्याने काच झालेली खनिजं सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि उल्केची बाजू पक्की झाली. पावणेदोन किलोमीटरहून रुंद असा हा खड्डा आपल्या काळ्या बसाल्ट दगडात पडलेला आहे. चंद्रावरही तसाच दगड असल्यामुळे चंद्राचे अभ्यासक लोणारला येतात. पुढे २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी खाऱ्या पाण्यात वाढणारे जीव त्याचं कारण असल्याचं दाखवलं. मूर्तिशास्त्राचे लोक येतात ते मंदिरातलं शिल्प पाहायला. एका विहिरीवर चार मोटा चालाव्यात तसं ते ठिकाण आहे.

मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे वयाचा वाद. एका पद्धतीने खड्डा सुमारे ५२ हजार वर्षांचा निघाला, तर नंतर आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचा. फरक जवळजवळ अकरापटीचा. कुणी कुणाला खोटं म्हटलं नाही. माझी पद्धत काय, माझा नमुना कोणता, हे प्रत्येकाने मांडलं, आणि पुढच्याला तपासायला जागा ठेवली. भाषेच्या अभ्यासातही हीच रीत धर.

आता वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचं सांगतो. तिथल्या शेतांत डायनासोरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा सापडते. रस्त्याने जाणारा माणूस तो दगड लाथेने बाजूला सारेल. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, तसंच अशोक साहनी आणि इतर सहकाऱ्यांनी त्या विष्ठेचे तुकडे घेऊन त्यातले वनस्पतींचे अवशेष सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गवताच्या पेशींत वाळूसारख्या सिलिकाचे बारीक कण साठतात. गवत कुजून जातं, कण राहतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताचा गट ओळखता येतो. त्यांना निदान पाच प्रकारची गवतं सापडली. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. तोवर गवत डायनासोर संपल्यावरच पसरलं असा समज होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो इतिहास बदलला चंद्रपूर जिल्ह्यातल्या विष्ठेने! पण खरी मेख पुढे आहे. आजच्या गवतांच्या कणांचे आकार आधी कुणीतरी बसून नोंदवले नसते, तर हे कण ओळखले कशावरून असते? त्या नोंदी करणाऱ्यालाही कुणीतरी उपयोग विचारलाच असेल.

रानपिंगळ्याचं तसंच. हा पक्षी १८८४ नंतर कुणाला खात्रीने दिसला नव्हता. १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याची एक नोंद होती, तेवढ्यावर लोक शोधत होते. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो पेंढा भरलेला पक्षी बारकाईने तपासला, आणि तो जुन्या संग्रहातून चोरून नव्याने भरलेला आहे हे सिद्ध केलं. म्हणजे शोध चुकीच्या जागी चालला होता. खऱ्या जुन्या नोंदींच्या मागे जाऊन १९९७ साली त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ दिसला, आणि पुढे आपल्या मेळघाटातही सापडला. जंगलातला पक्षी मिळाला तो कपाटातल्या कामामुळे.

तुला वाटेल बाबा लांबलांबच्या गोष्टी सांगतात. मग आपल्या वावरात ये. यंदा काकाच्या पऱ्हाटीत पुन्हा डोमकळ्या दिसल्या. फूल उमलत नाही, पाकळ्या टोकाशी चिकटून राहतात, सोडवून पाहिलं की आत बारीक अळी. पुढे ती बोंडात शिरते आणि बाहेरून काही कळत नाही. फुटल्यावर पिवळट, किडका कापूस हाती येतो. २०१७ च्या हंगामात या गुलाबी बोंडअळीने विदर्भाची दाणादाण उडवली. बीटी कपाशीला, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या कपाशीला, २००२ साली मान्यता मिळाली तेव्हा बोंडअळीचं नावच राहणार नाही असं वाटत होतं. मग असं का झालं?

कीटकशास्त्राचं उत्तर स्पष्ट आहे. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची साध्या कपाशीची पुडी यायची. ती शेताच्या कडेने लावायची. साध्या झाडांवर वाढलेले पतंग विषाला न सरावलेले असतात; सरावलेल्या पतंगांचा त्यांच्याशी संकर झाला की पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडते. कल्पना नामी होती. पण ती पुडी फार कुणी पेरलीच नाही. का पेरली नाही, हे मात्र कुठल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. कर्ज काढून पाच एकर करणारा माणूस आपल्या वावराची कड अळीच्या तोंडी स्वतःहून कशी देईल? शेजाऱ्याने लावली नाही तर मी एकट्याने लावून काय होणार? कृषिकेंद्रात त्याला कुणी नीट समजावून सांगितलं का? दुसरीकडे, पाणी आहे म्हणून फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही तीच पऱ्हाटी पुढे राखली, की अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, पण चार पैसे दिसत असताना पऱ्हाटी उपटायला हात होत नाही. हे प्रश्न अर्थशास्त्राचे, समाजशास्त्राचे, आणि ज्या बोलीत सल्ला दिला त्या बोलीचेही आहेत. माझं स्पष्ट मत आहे की नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेत आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रज्ञाच्या शेजारच्या टेबलावर माणसांचा अभ्यास करणारा माणूस बसला पाहिजे, आणि त्याला तेवढाच मान मिळाला पाहिजे.

गडचिरोलीत ते घडलं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी १९८९ साली दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. आईला हे आकडे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "विचारलं कुणी होतं?" मग १९९९ साली नवजात बाळांचा अभ्यास आला. ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघर बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. तिथे मोठं यंत्र नव्हतं. नीट विचारलेला प्रश्न, प्रामाणिक मोजणी आणि तुलनेसाठी ठेवलेली दुसरी गावं होती.

इतिहासाचंही एक सांगतो, कारण तुझ्या आत्याला तो म्हणजे पाठांतर वाटतो. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, नवऱ्यामागे लहान मुलांच्या वतीने राज्य चालवत होती, हे आपल्याला ताम्रपटांवरून कळतं. त्यातला एक आपल्या रिद्धपूरचा. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी असे लेख आयुष्यभर वाचले, लावले, छापले. अलीकडे नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा निघाली. अक्षर वाचणाऱ्याने आधी जे मांडलं होतं त्याला माती खणणाऱ्याने दुजोरा दिला.

आता तुझ्या कामाकडे येतो. एकट्या विदर्भात किती भाषाकुळं नांदतात हे पारावरच्यांना माहीत नव्हतं. मराठी, हिंदी एका कुळातल्या. गोंडी आणि कोलामी तेलुगू-तमिळच्या नात्यातल्या. मेळघाटातली कोरकू मुंडा गटातली, म्हणजे तिचे दूरचे नातलग थेट कंबोडिया-व्हिएतनामात. आणि आपल्या जळगाव जामोदजवळ सातपुड्याच्या पायथ्याला बोलली जाणारी निहाली कुणाशीच जुळत नाही. कोरकूचे, मराठीचे शब्द तिने पुष्कळ घेतले, पण डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ साली दाखवलं की जवळपास पाव भाग शब्दांचा थांग शेजारच्या कोणत्याच भाषेत लागत नाही. बोलणारे उरले दोन-अडीच हजार. त्यांची नातवंडं शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलतात. सातपुड्यात आपल्या सगळ्यांच्या आधी कोण होतं, ते कोणत्या झाडाला, कोणत्या आजाराला काय म्हणत, याचा पुरावा फक्त त्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. पिसदुऱ्याचा दगड आणखी हजार वर्षं थांबेल, ही माणसं थांबणार नाहीत. तुझ्या खोलीतल्या कामांमध्ये सगळ्यात तातडीचं काम तुझं आहे, हे मी तुझा बाप म्हणून म्हणत नाही.

एक मात्र बजावून सांगतो. मागे आपल्या गावात पाण्याचा सर्व्हे करायला लोक आले होते. खारपाणपट्ट्यातलं गाव, किडनीचे रोगी घरोघरी, म्हणून लोकांनी मजुरी बुडवून फॉर्म भरून दिले, हापशीचं पाणी बाटल्यांत भरून दिलं. त्यानंतर कुणी फिरकलं नाही, त्या पाण्यात काय निघालं याची एक ओळ आली नाही. लोक अजून विचारतात. तू तशी वागू नकोस. ज्याचा अर्धा दिवस घेशील त्याची रोजी भरून दे, आणि त्यासाठी विद्यापीठाकडे आधीच पैसे माग. ध्वनिमुद्रण कशासाठी, कुठे ठेवणार, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगून मगच यंत्र सुरू कर. कुणी नको म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नकोस. आणि काम झाल्यावर त्यांचे शब्द, त्यांच्या गोष्टी छापून वस्तीवरच्या शाळेत नेऊन ठेव. प्रबंध इंग्रजीत लिहावा लागतो हे मला कळतं, पण त्यातलं सार मराठीत आलं नाही तर मी तो ग्रंथालयात कुणाच्या हाती देऊ?

त्या दोन मुलींशीही त्यांच्या कामाबद्दल बोलत जा. पेशींवर काम करणारीला विचार की रोज नेमकं काय पाहते, कसं मोजते, चुकलं हे तिला कसं कळतं. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होणार आहे; तिथे अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल मोजायची आहे. मला त्यातलं गणित येत नाही, तरी त्यावरचा लेख मी दोनदा वाचला, आणि खरं सांगतो, फार आनंद झाला.

वस्तीवरच्या शाळेतल्या गुरुजींशी माझं बोलणं झालं आहे. ते म्हणतात, वेचणी चालू असेतो कुणी मोकळं नसतं, बरीच माणसं कामाला बाहेरगावीही असतात. होळीला सगळे घरी येतात, तेव्हा होळीच्या आठवडाभर आधीच ये. तुझी शब्दांची यादी त्याआधी पाठव. मी तिच्या प्रती काढून ठेवतो आणि गुरुजींना दाखवून घेतो. राहायची सोय त्यांच्या घरी होईल. पैसे सोमवारी खात्यात टाकतो.

तुझे बाबा