ब्लाउज शिवणाऱ्या काकूंना

काकू,

तुम्हाला ऐकू येत नाही, आपलं बोलणं लिहूनच. हेही तुमच्या मापाच्या वहीत लिहून दाखवणार होते. पण गेल्या तीन वर्षांत ती वही निम्मी मीच संपवलीय. म्हणून इथे, चारचौघांसमोर.

लेकीचा बेरा, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट आला तेव्हा ती १४ महिन्यांची होती. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. करी रोडच्या आमच्या चाळीत दारावरून ढोल गेले तरी ही गाढ झोपलेली, आणि आम्ही कौतुकानं सांगायचो, किती शहाणी! ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

हिअरिंग एड लावून तीन महिने बघितलं, फरक शून्य. मग कॉक्लिअर इम्प्लांटचा विषय निघाला: ऑपरेशन करून कानाच्या आत तार बसवायची आणि बाहेरून मशीन लावायचं. एका डॉक्टरांनी थेट तारीखच दिली, वर तंबी, 'खुणा करू नका, पोरगी बोलायचा आळस करेल.' सासूबाईंचं म्हणणं, एवढ्याशा डोक्याला चाकू कशाला लावायचा? नवरा रात्र रात्र मोबाइलवर किमती बघत बसायचा. आणि मी ब्लाउजचं निमित्त काढून तुमच्याकडे आले.

तुम्ही वहीत 'बाही १०' लिहिलंत आणि त्याखालीच, ऐकू न येण्यानं तुमचं काय अडलं, या माझ्या प्रश्नाचं उत्तर. 'कानामुळे नाही अडलं. शाळेत हात हलवले की पट्टी बसायची. बोलता येईना, हात बंद. मनातलं कोणाला सांगू?' मग लेकीसमोर बसून 'पाणी'ची खूण केलीत. पुन्हा केलीत. तिसऱ्या आठवड्यात तिनं पाणी मागितलं. रडून नाही हो, मागून!

ऑपरेशन करू की नको, हे मात्र तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. मला रागच आला होता. उलट मलाच लिहून विचारलंत, 'मशीन काढल्यावर तिच्याशी कशी बोलशील?' इतक्या तपासण्या झाल्या, पण हे कुणी विचारलं नव्हतं. आंघोळीला, झोपताना, बॅटरी संपली की कानामागचं ते मशीन, प्रोसेसर, उतरतं आणि पोर पुन्हा निःशब्दात.

त्यानंतर निर्णय सोपा नाही, पण सुटसुटीत झाला. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच्या संस्थेत एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारी योजनेची माहिती घेतली. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी पाच वर्षांच्या आतच धावपळ करायची, कारण ऐकायला शिकण्याची मेंदूची तयारी त्याच वयात जास्त. ऑपरेशननं फक्त तार कॉक्लिआत, म्हणजे कानाच्या आतल्या शंखात, जाते, ऐकणं पुढे शिकवावं लागतं. एमआरआयमध्ये श्रवणाची नस नीट दिसली, तेव्हा आम्ही हो म्हणालो. आणि खुणाही चालू ठेवल्या.

मशीन सुरू केलं त्या दिवशी ती हसली वगैरे नाही. घाबरून माझ्या खांद्यात तोंड खुपसलंन्. मग मॅपिंग, म्हणजे मशीनचा आवाज तिच्यापुरता जुळवून घेणं, स्पीच थेरपी, दादरला गाडी बदलून आठवड्यातून दोनदा. 'आई' शब्द यायला सात महिने लागले. खुणेनं मात्र ती तोवर आजीची चहाडीसुद्धा करायला लागली होती.

परवाचं तर तुम्ही पाहिलंतच. डोक्यावरची मशीनची ती चुंबकाची चकती काढून पोरगी तुमच्या दुकानात फरशीवरच्या टाचण्या गोळा करत होती. माझा जीव अर्धा झाला, आणि तुम्ही तुमचा टाचण्यांचा डबा तिच्यापुढे सरकवलात.

तुमची,
बाही १०