नावं शेवटी बदला

महोदय,

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका वठवायच्या खेळाची छापील साहसकथा दुसऱ्या काल्पनिक जगात नेताना बरेच नवे गेममास्टर (खेळ चालवणारे) फक्त गावांची आणि देवांची नावं बदलतात. मग दोन-चार बैठकींतच खेळ अडतो. आधी एका पानावर लिहून काढावं: खलनायकाला काय हवंय, कोण आड येतंय, सुगावे कुठे आहेत.

२०१५ च्या 'प्रिन्सेस ऑफ द अपॉकलिप्स' या साहसकथेत चार महाभूतांचे चार पंथ आहेत. 'डार्क सन'च्या वाळवंटी जगात ते छान बसतात, कारण तिथे देव नाहीत, पुरोहित महाभूतांचेच. पण तिथे धातू दुर्मीळ. खजिन्यातली पोलादी तलवार तशीच ठेवली, तर खेळाडू ती विकून गबर होतात आणि पुढची बक्षिसं फिकी पडतात. त्याऐवजी हाडाची, ऑब्सिडियनची (ज्वालामुखीच्या काचेची) हत्यारं द्यावीत. नदीकाठचे प्रसंग विहिरीवर न्यावेत. जलपंथ तर तिथे सर्वांत भयंकर ठरतो!

'एबेरॉन' या दुसऱ्या जगात विजेवर धावणारी गाडी आहे. दिवसाला २४ मैल पायपीट धरून आखलेल्या चकमकी गळतात, त्यांतले सुगावेही जातात. ते गाडीच्या डब्यात हलवावेत. 'प्रिन्सेस ऑफ द अपॉकलिप्स'च्याच परिशिष्टात दोन्ही जगांसाठी सूचना आहेत. त्या आधी वाचाव्यात.

– एक वाचक, पुणे