साक्सायवामानचे दगड माणसांनीच ओढले

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील इंका संस्कृतीवरचा लेख उत्सुकतेने वाचायला घेतला. पेरूमधल्या या साम्राज्यावर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही. पण इंकांची राजधानी कुस्को, तिच्याजवळच्या साक्सायवामानच्या दगडी तटबंदीपाशी येऊन लेखकाने परग्रहवासीयांचा हवाला दिला, याचे फार वाईट वाटले. लोखंड नाही, चाक नाही, मग शंभर टनांहून जड दगड हलवले कोणी, या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते लेखात यायला हवे होते.

पेद्रो सिएझा दे लेओन हा स्पॅनिश बखरकार १५५०च्या सुमारास कुस्कोत होता. इंका सत्ता कोसळून तेव्हा जेमतेम वीस वर्षे होत होती. त्याने नोंदवले आहे की या बांधकामावर २०,००० माणसे होती. त्यांतली ४,००० खाणीत दगड फोडत आणि ६,००० चामड्याच्या व वाखाच्या जाड दोरांनी ते ओढत आणत. गावोगावची ही माणसे 'मिता' पद्धतीने पाळीपाळीने येत, त्यांचे पोट राज्याची कोठारे भरत. ही वेठच होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पुढे स्पॅनिश राजवटीने हीच पद्धत आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी राबवली आणि तिथे माणसांचे अतोनात हाल झाले.

दगड घडवण्याचे कोडेही फारसे उरलेले नाही. १९८०च्या दशकात ज्याँ-पिएर प्रॉत्सेन या वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकांनी रुमिकोल्का इथली जुनी खाण पाहिली. तिथे नदीतले कठीण गोटे पडलेले होते, जे त्या खाणीतले नव्हते. तसाच गोटा हातात घेऊन त्यांनी अँडेसाइट या ज्वालामुखीच्या कठीण खडकाचा एक छोटा ठोकळा घडवला, तर दीड-एक तासात त्याच्या तीन बाजू सपाट झाल्या. ओयान्तायताम्बो या दुसऱ्या इंका ठिकाणी तर खाणीपासून मंदिराच्या वाटेवर अर्धवट सोडून दिलेले प्रचंड दगड आजही पडून आहेत. हात थांबले तिथेच दगड थांबले, याहून वेगळा पुरावा कोणता हवा? अरुंद उतारावर ओढणारी इतकी माणसे उभी कुठे राहत, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण तो वाद माणसांविषयीचा आहे.

युरोपातली कॅथेड्रल पाहून ती परग्रहावरून आली असे कोणी म्हणत नाही. ही शंका आंदीजमधल्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांवरच का घ्यावी? त्यांचे वंशज आजही तिथेच राहतात, लाखो लोक इंकांची केचुआ भाषा बोलतात. अपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका हा गवताच्या दोरांचा झुलता पूल आजूबाजूच्या गावांतले लोक दर जूनमध्ये नव्याने बांधतात. घरोघरी वळलेल्या बारीक दोऱ्यांचे जाड दोर होतात आणि ते सगळे मिळून हाताने ताणतात. २०१३ साली युनेस्कोने या परंपरेची नोंद घेतली. महामारीमुळे २०२० साली बांधणी झाली नाही, तर पुढच्या मार्चमध्ये पूल कोसळला. जूनमध्ये गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला.

शाळकरी मुले आपली पुरवणी कात्रणे काढण्यासाठी वापरतात. म्हणून पुढच्या रविवारी प्रॉत्सेन यांचा प्रयोग आणि केस्वाचाका पुलाची माहिती, शक्यतो छायाचित्रासह, त्याच पानावर छापावी, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक