जिथे श्वास, तिथे दोन स्पेस

प्रिय लेकी,

नाव लिहू नका म्हणालीस, म्हणून नुसतंच लेकी.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या आईने वहीत उतरवल्या होत्या, दोनशेच्या वर. त्या कॉम्प्युटरवर आणायला मी दोघा टायपिंगवाल्यांचे उंबरे झिजवले. पहिल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्या. घरी फाइल उघडली तर ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा! म्हणे, फॉन्ट विकत घ्या. दुसऱ्याने कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारं युनिकोड वापरलं, पण ओळी जुळवल्या स्पेसबार दाबून दाबून. भाच्याच्या लॅपटॉपवर सगळं विस्कटलं. "ओव्याच आहेत ना काकू, चालतंय." पैसे दोघांनीही आधीच घेतले होते.

मग तुझ्याकडे आले. तू नोटपॅड उघडलंस. ओळीआधी हॅश (#) दिला की मथळा, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की ठळक. याला मार्कडाउन म्हणतात, 2004 साली जॉन ग्रूबर नावाच्या अमेरिकी ब्लॉगरने आणलं, आणि चिन्हांसकट कच्चा मजकूरही माणसाला सुखाने वाचता यावा हा त्याचा हट्ट, हे तूच सांगितलंस. आवडला मला तो हट्ट.

मग पहिलीच ओवी पानावर आली ती दोन्ही ओळी एकमेकींना चिकटून. मी मनाशी म्हटलं, झालं, इथेही "चालतंय"च ऐकायचं. तू खुर्ची माझ्याकडे वळवलीस आणि म्हणालीस, "काकू, म्हणून दाखवा ना." भर दुपारी, चार माणसं बसलेली, मी जात्याच्या चालीवर ओवी म्हटली. जिथे मी श्वास घेतला तिथे तू दोनदा स्पेस दाबलीस. ओळ तुटली, नेमकी तिथेच. ओळीच्या शेवटी दोन स्पेस म्हणजे नवी ओळ, हा नियम कुठेही वाचायला मिळाला असता. पण आजीची ओवी म्हणून दाखवा असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं गं.

"1972." अशी सुरुवात असलेल्या आईच्या टिपणाची आपोआप क्रमांकाची यादी झाली, तेव्हा तू टिंबाआधी उलटी तिरकी रेघ मारून दुष्काळ जागेवर आणलास. किती हसलो आपण!

फाइल सोबत जोडतेय. शेवटच्या ओवीत श्वास कुठे घ्यायचा यावर आई आणि मावशीचं अजून जमत नाहीये. तिथे तूर्त स्पेस दिलेली नाही.

तुझी,
ओव्यांवाली काकू