वाटीचं माप

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, चकल्या तेलात विरघळल्या म्हणून भाजणीला दोष देऊ नकोस. घोळ मापाचा आहे.

तू ज्या व्हिडिओवरून चकल्या केल्यास, त्यातला कप २४० मिलिलिटरचा आणि मोठा चमचा १५ चा. २ कप भाजणीला २ चमचे तेलाचं मोहन म्हणजे सोळावा हिस्सा. आपली आमटीची वाटी साधारण १५० ची. भाजणी २ वाट्या घेतलीस आणि चमचे तेच ठेवलेस, की मोहन दहाव्या हिश्शावर गेलं. मग चकली सुटणारच.

कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं १९७० साली घरोघरी वाटी-चमच्याचं प्रमाण नेलं. लिहिणारी आणि करणारी, दोघींच्या फडताळात जवळपास तीच भांडी असायची. आता चकली शिकवणारी न्यू जर्सीत असते आणि कपानं मोजते. ती शिकवते मनापासून, पण तिचा कप आपल्या घरात नाही.

बाबा, तुम्ही एवढं करा. वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि वाटी काठोकाठ पाण्यानं भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. १५० निघाले तर २ वाट्यांना सव्वा चमचा मोहन पुरे. उकळतं पाणीही त्याच वाटीनं घ्यायचं, भाजणीइतकंच, पण शेवटचं थोडं हाताशी राखून.

२०२० पासून रील्स आल्या आणि भाजणं तर दिसेनासंच झालं. अर्ध्या मिनिटात डाळ खमंग! वाटीभर हरभरा डाळीला मंद आचेवर आठ-दहा मिनिटं लागतात, हे तुझ्या हाताला ठाऊक आहे. तिथे रीलचं ऐकू नकोस. प्रत्येक धान्य वेगळं भाज.

आधी एकच चकली तळून बघ. विरघळली तर दोन चमचे कोरडी भाजणी मळून घे. सोऱ्यातून तुटत बाहेर आली तर पाण्याचा हात लाव. तेल तापलं की आच मध्यम ठेव आणि बुडबुडे शमल्याशिवाय काढू नकोस. मोठ्या आचेवर ती बाहेरून लाल होते, आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते.

तळताना स्टूल घेऊन बस, गुडघ्यांवर ताण नको. बाबा, वाटीचा आकडा फोनवर सांगा, बाकीची मापं त्यावरून लिहून पाठवते.

तुमची लेक