झडती फक्त फाटकावरच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेलूत (जि. परभणी) बसस्टँडजवळ आमचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान आहे. मी आणि माझे मिस्टर दोघे मिळून ते चालवतो. तलाठी, पोलीस, आरोग्य, जिल्हा परिषद, वनरक्षक, नीट, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), जी जाहिरात निघेल तिचे फॉर्म आमच्याकडे भरले जातात. हॉलतिकीटही आमच्याकडेच निघते, म्हणून त्याच्या मागच्या सूचना मला आता तोंडपाठ झाल्यात. बूट नको, पूर्ण बाह्यांचा शर्ट नको, मोठी बटणे नकोत, घड्याळ नको, कानात-गळ्यात काही नको. दर भरतीला या यादीत दोन-तीन ओळींची भर पडते.

या यादीबद्दल माझी तक्रार नाही. कानात मक्याच्या दाण्याएवढा ब्लूटूथ घालून येणारे महाभाग आहेतच. २०२३ च्या तलाठी भरतीत पहिल्याच दिवशी नाशिकच्या केंद्राबाहेर वॉकीटॉकी आणि टॅब घेऊन बसलेला माणूस पकडला गेला. त्याच वर्षी मुंबई पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतही असली उपकरणे सापडली. तेव्हा परीक्षा केंद्राच्या फाटकावर झडती घ्या, जरूर घ्या. माझे म्हणणे एवढेच की आजवर जे मोठे घोटाळे उघडकीला आले त्यांतला पेपर या फाटकातून बाहेर गेलेला नाही. तो बाहेर गेला तो दुसऱ्या दाराने, आणि त्या दाराशी कोणी कोणाचे खिसे तपासत नाही.

आठवून पाहा. २०२१ च्या सप्टेंबरात आरोग्य विभागाची परीक्षा २५ आणि २६ तारखेला होती आणि ती पुढे ढकलल्याचे कळले २४ ला रात्री. आमची अर्धी मुले तोवर रेल्वेत बसलेली होती. मग ऑक्टोबरात परीक्षा झाली, पेपर फुटला, आणि पुणे सायबर पोलिसांनी माग काढला तेव्हा अटकेतल्यांमध्ये आरोग्य खात्याचा सहसंचालक निघाला. त्याच तपासाचा धागा धरून पोलीस म्हाडाच्या भरतीपर्यंत गेले. १२ डिसेंबरला सकाळी म्हाडाचा पेपर, आणि तो पुढे ढकलल्याचे मंत्र्यांचे ट्वीट आले मध्यरात्र उलटून गेल्यावर. तिथे अटक झाली ती परीक्षा घेण्याचे कंत्राट ज्या कंपनीला दिले होते तिच्याच संचालकाला. तोच धागा पुढे टीईटीला जाऊन भिडला आणि राज्य परीक्षा परिषदेचे आयुक्त तुकाराम सुपे यांना अटक झाली. म्हणजे अधिकारी खात्याचा, कंपनी सरकारने निवडलेली आणि आयुक्त परीक्षा परिषदेचाच. यातल्या कोणाला परीक्षेच्या दिवशी रांगेत उभे राहून बूट काढावे लागले होते?

टीईटीचे प्रकरण तर सगळ्यांनी नीट समजून घ्यावे असे आहे. १९ जानेवारी २०२० ला परीक्षा झाली. साधारण साडेसोळा हजार उमेदवार पास झाले आणि त्यांतले ७,८०० हून अधिक गैरमार्गाने पास झाल्याचे पुढे तपासात निघाले. जवळजवळ निम्मे! इथे पेपर फोडायचीही गरज पडली नव्हती. परीक्षा झाल्यानंतर मार्क वाढवले गेले. वर्गात पर्यवेक्षक डोळ्यांत तेल घालून उभे होते तेव्हा काहीच घडत नव्हते. जे घडायचे ते नंतर, बंद खोलीतल्या कॉम्प्युटरवर घडले.

नीटचे उदाहरण ताजे आहे. ५ मे २०२४ च्या त्या पेपरचे धागेदोरे शोधताना आमच्या शेजारच्या लातुरात शिक्षकांना अटक झाली, तेव्हा इकडे दोन दिवस लोक दुसरे काही बोलत नव्हते. पण पेपर मुळात निघाला तो झारखंडातल्या हजारीबागच्या शाळेत आलेल्या पेटीतून, असे सीबीआयने सांगितले. त्या शाळेचे प्राचार्य त्या शहरापुरते परीक्षेचे समन्वयक होते. पेटी त्यांच्याच ताब्यात! आणि इकडे आमच्या मुलींच्या कुर्त्याच्या बाह्या कात्रीने कापल्या जातात.

फाटकावरच्या झडतीचे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या गल्लीतली एक मुलगी, नवीन लग्न झालेली, बाहेरच्या जिल्ह्यात एका भरतीच्या परीक्षेला गेली होती. फाटकावर तिला मंगळसूत्र काढायला लावले. ते तिने काढून भावाच्या हातात दिले. पायातली जोडवी काही केल्या निघेनात. शेजारच्या टपरीवरून साबणाचे पाणी आणले, बोट सोलवटले, तेव्हा निघाली. तोवर रिपोर्टिंगची वेळ संपत आलेली. ती आत गेली तेव्हा समोरचा स्क्रीन सुरू झालेला होता. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण तिला अजून बऱ्याच परीक्षा द्यायच्या आहेत. पेपर कसा गेला विचारले तर म्हणाली, "ताई, पहिले वीस प्रश्न मी नुसती पायाकडेच बघत होते."

आता दुसऱ्या दाराचे सांगते, कारण त्या दाराचा माणूस माझ्या दुकानात येऊन गेला आहे. तलाठीचे फॉर्म जोरात चालू होते तेव्हाची गोष्ट. काही तरी कलर झेरॉक्स काढायला आला आणि बसला. गर्दी कमी झाल्यावर म्हणाला, "ताई, तुमच्याकडे सगळा डाटा आहे. ज्यांच्या घरी शेती आहे, कोणी नोकरीत आहे, अशा पाच-सहा पोरांची नावं द्या. एका नावामागे तुमचंही बघू." मी विचारले, पोराने करायचे काय? तर म्हणे, काहीच नाही. पेपरला जायचं, येतं तेवढं सोडवायचं आणि घरी यायचं. दहावी-बारावीची ओरिजिनल मार्कशीट आणि सही केलेला कोरा चेक त्याच्याकडे ठेवायचा. निम्मे आधी, निम्मे यादीत नाव लागल्यावर. काम नाही झाले तर कागद आणि पैसे परत. वर ऐटीत म्हणाला, "आपल्यात फसवाफसवी नसते."

मिस्टरांनी त्याला चहा न देताच वाटेला लावले. पण मला तेव्हापासून त्या धंद्यातली खरी गोम कळली. त्याचे वर कोणाशी लागेबांधे असतील किंवा अजिबात नसतील. त्याने वीस पोरांचे कागद घेतले आणि काहीही केले नाही, तरी त्यांतली तीन-चार पोरे स्वतःच्या अभ्यासावर निघतातच. त्यांचे पैसे खिशात, बाकीच्यांचे परत, आणि गावभर नाव की याच्याकडे काम होते. ज्या पोराने रात्री जागून जागा मिळवली त्याच्याच बापाने पैसे मोजायचे, आणि जन्मभर पोराकडेही लोकांनी त्याच नजरेने बघायचे. हे सगळे चालते कशावर? वरची माणसे विकली जातात हे लोकांनी वर्तमानपत्रात वाचलेले आहे, त्याच्यावर. आयुक्त पकडला गेला त्या दिवशी या एजंटांची जाहिरात फुकटात झाली.

एक शेतकरी मला विचारायला आले होते. मुलगी तीन वर्षे अभ्यासिकेत जाते, दोन-चार मार्कांनी राहते. दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, खरंच होतं का हो पैसे देऊन? एकर काढायची तयारी आहे." हा माणूस लबाड नाही. बाजार समितीत मापात पाप झाले तर भांडणारा माणूस आहे तो. मी त्यांना नाही म्हणाले, देऊ नका म्हणाले. पण होत नाही, असे छातीठोकपणे मला सांगता आले नाही. ते उठून गेले. पुढे त्यांनी काय केले हे मी विचारलेले नाही.

तलाठीचा निकाल लागला तेव्हा २०० पैकी २१४ मार्कांवरून जो गदारोळ झाला त्याबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. पन्नासच्या वर सत्रांत पेपर झाले तर सोपा-अवघड यांचा मेळ घालायला मार्क वरखाली करावे लागतात, हे गणित चुकीचे नाही. दुकानात मी पोरांना ते समजावून सांगायचा प्रयत्नही केला. एकालाही पटले नाही. पटणार कसे? दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पिणारच.

पैशांचेही बोलते, कारण ते माझ्या हातून जातात. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा, फी खुल्या वर्गाला १,००० आणि मागासवर्गीयांना ९००, आणि अर्ज दहा लाखांच्या वर. ढोबळ हिशेब केला तरी नव्वद कोटींच्या पुढे जातो. एवढ्या पैशांत दुसऱ्या दारावर एक पहारेकरी बसत नाही का? २०१९ च्या जिल्हा परिषद भरतीचे फॉर्म आम्ही भरले, परीक्षा झालीच नाही, २०२२ मध्ये ती भरतीच रद्द झाली. फी परत मिळणार म्हणून पुन्हा खाते क्रमांक, आयएफएससी भरून दिले. कोणाचे आले, कोणाचे नाही. अजूनही एखादा येऊन विचारतो. आणि खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयाची अट तर या सगळ्या काळात चालूच असते. रद्द झालेल्या भरतीत गेलेली वर्षे कोणत्या खात्यावर जमा होणार?

कायदे झाले, हे मान्य. केंद्राचा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. संघटितपणे पेपर फोडणाऱ्यांना दहा वर्षांपर्यंत शिक्षा, किमान एक कोटी दंड. पण तो केंद्राच्या परीक्षांना. आपल्या विधिमंडळातही त्याच जुलैत विधेयक आले. कायद्याने पकडल्यानंतरची सोय झाली. पकडायची वेळ येऊ नये म्हणून काय, ते कोणी बोलत नाही. म्हणून सुचवते. पेपर काढणारे, छापणारे, सर्व्हर सांभाळणारे, पेट्या नेणारे आणि मार्क चढवणारे, यांपैकी कोणत्या टप्प्यावर कोणाची जबाबदारी होती, हे निकालाबरोबर नावानिशी जाहीर करा. उमेदवाराचे नाव, जात, प्रवर्ग, मार्क तुम्ही वेबसाइटवर टाकताच ना? मग यांचेही टाका. जिथे कागदी उत्तरपत्रिका असते तिथे प्रत्येकाची स्कॅन केलेली प्रत त्याच्या लॉगिनला त्याच संध्याकाळी दिसू द्या, म्हणजे नंतर बंद खोलीत उत्तरांचे गोळे काळे करता येणार नाहीत. आणि त्या बंद खोलीत जाणाऱ्यांचे मोबाइलही फाटकावरच्या त्याच पिवळ्या टोपलीत टाकून घ्या.

फीबद्दल तर एकच मागणी आहे. परीक्षा रद्द झाली तर अर्ज-विनंती-लिंक काही न करता, ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात महिन्याच्या आत परत, अशी ओळ जाहिरातीत छापा. नवीन जाहिराती निघायच्या बेतात आहेत असे पोरे सांगतात. संबंधित खात्याने तेवढे करावे. तोवर माझ्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्या मुलींना मी जोडवी घरीच काढून जा म्हणून सांगते आहे.

आपली,
एक फॉर्म भरून देणारी
सेलू, जि. परभणी
(नाव व फोन नंबर आपल्या माहितीसाठी सोबत दिला आहे. कृपया छापू नये.)