बोअर करण्याआधी पिस्टन हातात हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूर परिसरात हौसेने स्पोर्ट्स कार बाळगणारे आणि ती ट्रॅकवर उतरवणारे तरुण आता दिसू लागले आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक नवी मागणीही शिवाजी उद्यमनगरातील मशीन शॉपपर्यंत पोहोचली आहे. जुने इंजिन नुसते दुरुस्त न करता त्याची सीसी, म्हणजे सिलिंडरांची एकूण घनक्षमता, वाढवून, अधिक ताकदीचे करून बांधून द्यावे, अशी ती मागणी. हौसेबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, टेम्पोत घालून आणायचा, ‘निघेल तेवढे बोअर काढा’ म्हणून मेस्त्रींना सांगायचे आणि पिस्टन मागाहून शोधायचे, हा जो क्रम पडू लागला आहे, तो साफ उलटा आहे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

सीसी दोनच मार्गांनी वाढते : सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, वाढवून किंवा पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, वाढवून. बोअरची मर्यादा ब्लॉकच ठरवतो. दोन सिलिंडरमधली आणि पाण्याच्या जॅकेटकडची भिंत किती जाड आहे हे वरून दिसत नाही. शिवाय ओतकामात कोअर, म्हणजे पोकळी राखणारा वाळूचा साचा, किंचित सरकला असेल, तर एकाच सिलिंडरची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ निघते. फौंड्रीच्या गावात हे कोणाला शिकवायला नको. तरीही प्रत्येक सिलिंडर अल्ट्रासोनिक जाडीमापकाने चारही बाजूंनी मोजून मगच ओव्हरसाइझ, म्हणजे वाढीव व्यास, ठरवणारा ग्राहक क्वचित भेटतो. भिंत पातळ झाली की ज्वलनाच्या दाबाखाली ती वाकते, पिस्टनवरच्या रिंगा नीट बसत नाहीत, आणि मोठ्या खर्चाने मिळवलेली ताकद रिंगांच्या बाजूने खालच्या क्रँककेसमध्ये निसटते.

स्ट्रोकचा हिशेब वेगळा आहे. १९९९ साली आलेल्या होंडा एस २००० या गाडीचे मूळ इंजिन ८७ मिलिमीटर बोअर आणि ८४ मिलिमीटर स्ट्रोकचे, म्हणजे १९९७ सीसीचे होते आणि ते नऊ हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास फिरत असे. पुढे बोअर तसाच ठेवून कंपनीने स्ट्रोक ९०.७ मिलिमीटर केला. सीसी २१५७ झाली, पण आरपीएमची मर्यादा आठ हजारांवर आणावी लागली. मूळ इंजिनात नऊ हजारांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर होता. नवा स्ट्रोक त्याच आरपीएमला फिरवला असता तर तो २७ मीटरच्या पुढे गेला असता. कमाल अश्वशक्ती जवळपास पूर्वीइतकीच राहिली, वाढला तो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. इंजिन मोठे करताना आपल्याला नेमके काय हवे आहे, हे आधी कागदावर उतरवणे का गरजेचे आहे, ते या एका उदाहरणावरून कळावे.

ऑइल इंजिनांवर वाढलेल्या आपल्या शहराला आवडेल असे उदाहरण मात्र डॅटसनच्या झेड मालिकेतील गाड्यांचे आहे. त्यांच्या २७५३ सीसीच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनात त्याच कुळातल्या डिझेल इंजिनाचा ८३ मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची धाव ठरवणारा दांडा, बसवायचा आणि बोअर ८६ वरून ८९ मिलिमीटर करायचा, म्हणजे ३०९८ सीसी मिळतात. शर्यतींच्या जगात ही जोडणी प्रसिद्ध आहे. पण क्रँक बसला म्हणजे काम झाले, असे तिथेही नाही. स्ट्रोक ७९ वरून ८३ झाला की पिस्टन वरच्या टोकाला दोन मिलिमीटर अधिक चढतो. म्हणून कनेक्टिंग रॉडची लांबी आणि पिस्टनमधील पिनची उंची यांचा मेळ नव्याने घालावा लागतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती दाबले जाते ते, हेही बदलते. एका सिलिंडरचे ४५९ सीसी आणि वरची पोकळी ५७ सीसी धरली, तर गुणोत्तर नऊच्या आसपास येते; पोकळी तीच ठेवून सिलिंडर ५१६ सीसीचा केला, तर ते दहाच्या पुढे जाते. मग पेट्रोल कोणत्या ऑक्टेनचे, म्हणजे अवेळी पेट न घेता किती दाब सोसणारे, भरणार, हा प्रश्न ब्लॉक मशीनवर चढण्याआधीच सुटलेला हवा. आपल्याच जिल्ह्यातील कारखान्यांत उसापासून तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असते, आणि तेवढ्याच हवेसाठी असे इंधन थोडे जास्त द्यावे लागते, हेही इंजेक्टर निवडताना धरावे लागेल.

पिस्टन आधी हवा तो यासाठीच. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन कोणत्या मिश्रधातूचा आहे त्यावर तो तापल्यावर किती फुगेल हे ठरते, आणि त्यावर सिलिंडरमधील मोकळीक ठरते. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्या मापाने त्याचा सिलिंडर होन करायचा, म्हणजे बारीक घासून मापात आणायचा असतो, आणि तोही ब्लॉकवर हेडच्या (वरच्या झाकणाच्या) जागी टॉर्क प्लेट ही जाड पट्टी आवळून, कारण हेडचे बोल्ट ताणले गेले की सिलिंडर किंचित वाकडा होतो. उद्यमनगरातील चांगल्या कारागिराचा हात शतांश मिलिमीटरला चुकत नाही. शिरोलीत पिस्टन आणि गोकुळ शिरगावात बेअरिंग बनतात. प्रत्येक काम पुण्याला किंवा बंगळूरला पाठवण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

कायद्याचे भान मात्र हवे. नोंदणी पुस्तकात गाडीची सीसी आणि इंजिन क्रमांक नमूद असतो, आणि मूळ नोंदीशी विसंगत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे हे इंजिन ट्रॅकवरच्या गाडीसाठीच बांधावे. रंकाळ्याच्या रस्त्यावर संध्याकाळी सायलेन्सर काढून आवाज करणाऱ्यांची वकिली मी करीत नाही.

आपल्याकडे उणीव आहे ती चाचणीची. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत डायनामोमीटर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणारी यंत्रे, असतात, पण ते बहुधा एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनापुरते. उद्योजकांच्या संघटनांनी आणि महाविद्यालयांनी मिळून शंभर-दोनशे अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन तपासता येईल असा एक डायनामोमीटर उभारावा आणि तो शुल्क आकारून सर्वांना खुला ठेवावा, अशी माझी सूचना आहे. तोवर मशीन शॉपच्या मालकांनी एवढे तरी करावे : कमाल आरपीएम, इंधन, हेडमधील पोकळीचे माप आणि भिंतींची जाडी लिहिलेला कागद आणि सोबत पिस्टनचा संच आणल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला घेऊच नये. दोन गिऱ्हाइके परत जातील, हे मान्य करून.

आपला विश्वासू,
एक वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर